गिरजाबाईंचे भाडेकरू

तुमसरला मला राहायला खोली मिळेना, कारण मी गोविंदशेठच्या मुलाला गणितात नापास केलं होतं.

पोरानं पेपरात जे लिहिलं होतं त्याला मार्क देणं कोणालाच जमलं नसतं. पण शेठ गावातल्या मोठ्या तांदूळ मिलचे मालक, आणि आसपासच्या खेड्यांतलं निम्मं धान त्यांच्याच दारात उतरायचं. माझी नोकरी पक्की झालेली होती म्हणून ती वाचली, खोली गेली. घरमालकानं हात जोडून सांगितलं, "मास्तर, तुमच्यावर राग नाही. पण मले ह्याच गावात राहाचं आहे." नंतर मी जिथं जिथं विचारायला गेलो तिथं आधी खोली रिकामी असायची, आणि माझं नाव ऐकलं की लगेच कोणाचा तरी मेहुणा तिथं राहायला येणार असायचा. ही १९७४ ची गोष्ट.

शेवटी मिलसमोरचा चहावाला म्हणाला, "मिलच्या मागं गिरजाबाईकडे जा. थे देईल. तिच्याकडे तसेच लोक राह्यतात."

"तसेच म्हणजे कसे?"

"जा तं खरं," तो म्हणाला आणि कपबशा धुवायला लागला.

मिलच्या मागच्या फाटकाकडे जाणारी गल्ली जिथं वळते, नेमकं तिथं ते घर होतं. कवेलूच्या छपराचं, बुटकं, चार खोल्यांचं, पुढं लांब ओटा. काही वर्षांपूर्वी तिथं सगळी धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं होती म्हणे. मी गेलो तेव्हा एका बाजूला मिलची भिंत उठली होती, दुसऱ्या बाजूला ट्रक दुरुस्तीचं दुकान, आणि समोर एका बँकेसाठी इमारत बांधणं चालू होतं. मिलच्या धुराड्यातून कोंड्याची काळी राख सतत खाली येत होती. ओट्यावर एक उंच, काटक बाई सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. डाळीवर राख पडली की फुंकर मारायची आणि फुंकर मारताना मिलकडे बघायची. त्याच गिरजाबाई.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

"हायस्कुलात मास्तर आहे. गणित शिकवतो."

सुपातला हात थांबला. "शेठच्या पोराले नापास केलं थे तुमीच काय?"

मनातल्या मनात मी पुढच्या गल्लीकडे निघालो होतो. "हो," म्हणालो.

"किती मार्क देल्ले?"

"सात."

"सात तरी कायले देल्ले?" असं म्हणून त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

भाड्याबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. अटी मात्र सांगितल्या. शेठच्या घरचा चहा प्यायचा नाही. त्याच्याकडच्या लग्नाला जायचं नाही. तो रस्त्यात भेटला तर हात जोडायचा नाही. नजर खाली घालायचीही नाही, सरळ बघत जायचं. "मान्य असन तं सामान आणा. नसन तं पाणी पिऊन जा."

मी सामान आणलं आणि बारा वर्षं राहिलो.

हे काय प्रकरण होतं ते मला शेजारच्या खोलीतल्या सुदाम रामटेकेनं सांगितलं. गिरजाबाईंचा नवरा महादेव शेठच्या मिलमध्ये यंत्रावर होता. आंबागडच्या शेतकरी घरातला माणूस. भावांत वाटणी झाल्यावर हाताशी आलेल्यातून ही जागा घेतली, भिंती स्वतःच्या हातानं उभ्या केल्या. एके दिवशी मिलच्या यंत्राचा पट्टा तुटला आणि त्यात तो ओढला गेला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

शेठनं आणि त्याच्या माणसांनी कोर्टात जबाब दिला, की महादेव दारू पिऊन कामावर आला होता.

महादेवच्या गळ्यात माळ होती. भजनात टाळ वाजवायचा, कांदासुद्धा खायचा नाही. त्या दिवशी त्याच्या बरोबरीनं कामावर असलेला सुदाम कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, हा माणूस पीत नव्हता. बाकीचे सगळे म्हणाले, पीत होता. निकाल शेठच्या बाजूनं लागला. सुदामला मिलच्या फाटकातून परत पाठवलं, आणि त्याच्या राहत्या घराच्या मालकालाही कुठून तरी निरोप गेला. तेव्हा गिरजाबाई स्वतः त्याच्या दारात गेल्या आणि त्याला आणि त्याच्या बायकोला, कौसल्येला, आपल्या घरी घेऊन आल्या.

रामटेके बौद्ध. माहेरहून बाईंचा भाऊ तावातावानं आला. ओट्यावरच म्हणाला, "गिरजे, लोक आपल्या घरचं पाणी पेनार नाहीत."

बाईंनी विचारलं, "भाऊ, कोर्टात माझ्या माणसासाठी कोण बोलला? तू बोलला काय?"

भावानं पायांत चपला घातल्या.

"मंग ज्याले पाणी पेयाचं नाही त्यानं आपल्या घरी पेवावं."

नंतर महिनोन् महिने भाऊ फिरकला नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना जे वाटत होतं ते एकाच गोष्टीचं. मला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "मास्तर, माणूस गेला. यंत्र आहे, जाते माणूस. त्याचं मी सोसलं. पण भजनातले लोक मले हळूच इचारत, वहिनी, खरंच घेत होता काय? थे मी नाही सोसत."

शेठला ती जागा हवी होती. मिलच्या मागं त्यानं मोठं गोदाम बांधलं होतं आणि बाईंच्या ओट्यामुळे ट्रक कसाबसा वळत होता. तो माणसं पाठवायचा, ती दुप्पट किमतीची भाषा करायची. बाईंचं उत्तर एकच असे. "शेठले म्हणा, चार लोकांत उभा राह्य अन् म्हण, महादेव पेला नव्हता. आधी म्हण, मंग बोलू."

एकदा माणसं परत गेल्यावर बाईंनी गवंडी बोलावला आणि ओट्याच्या पुढच्या कोपऱ्यात, आपल्या हद्दीच्या अगदी टोकाला भाडेकरूंसाठी विटांची न्हाणी बांधून घेतली. आता ट्रक सोडा, बैलबंडीसुद्धा जपून वळवावी लागे. शेठनं नगरपालिकेत अर्ज केला. तिथले लोक येऊन टेप लावून गेले. न्हाणी बाईंच्याच जागेत होती. मग ट्रक मोठ्या रस्त्यावर उभे राहू लागले आणि हमाल पाठीवर पोती घेऊन गल्लीतून चालत येऊ लागले. बाई ओट्यावर माठ भरून ठेवत. हमाल पाणी पीत आणि घाम पुसत बाईंनाच म्हणत, "बाई, तुमच्या न्हाणीनं आमचं कंबरडं मोडलं." बाई म्हणत, "माझ्या न्हाणीनं नाही. शेठच्या तोंडातून एक शब्द निघत नाही त्यानं." पोती वाहणाऱ्यांचे हाल त्यांना दिसत नव्हते असं नाही. दिसत होते आणि तरी न्हाणी तिथंच राहिली.

त्यांचा दुसरा उद्योग सकाळचा होता. शेठचा बंगला मिलच्या आवारातच. सकाळी देवळाला जायला त्याची मोटार मागच्या फाटकातून निघे. शेठ शकुन फार मानायचा. शिंक आली तर परत आत जाऊन बसायचा. फाटक उघडल्याचा आवाज आला की गिरजाबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन गल्लीच्या मध्यातून चालू लागत. मोकळ्या कपाळाची बाई आणि रिकामी घागर. मोटार थांबे. काचेआड शेठचा चेहरा दिसे. बाई घाई करत नसत. मध्येच थांबून पदर सारखा करत आणि मग बाजूला होत. शेठनं निघायची वेळ बदलली, बाईंनी घागरीची वेळ बदलली. शेठनं पुढच्या फाटकानं जायला सुरुवात केली तेव्हा बाई पुढच्या रस्त्यावरच्या नळावर जाऊ लागल्या. गावात लोक हसायचे. शेठ हसत नव्हता. त्या वर्षी त्याला व्यापारात खोट आली, आणि ती घागरीमुळे आली अशी त्याची पक्की समजूत झाल्याचं शाळेच्या शिपायानं मला सांगितलं. मी ते बाईंना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या भाडेकरूंना बेसनाच्या पातोड्यांची भाजी वाढली.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे, कारण तेव्हा आम्हीही हसत होतो. आम्ही तीन बिऱ्हाडं होतो. मी, रामटेके आणि शेठनं काढून टाकलेला एक म्हातारा मुनीम. शेठनं दुखावलेल्या माणसांचं घर म्हणून ते घर ओळखलं जायचं आणि आम्हाला त्याचा जरा अभिमानच होता. पण ज्या घराचा पायाच राग आहे, त्यात राहणाऱ्यालाही कधी ना कधी त्याची झळ लागते. ती सुदामला लागली.

पावसाळ्यातली दुपार होती. मिलच्या भिंतीलगत कोंड्याचे ढीग असत, त्यांत उंदीर, आणि उंदरांमागं साप. सुदामची सहा-सात वर्षांची मुलगी, वंदना, तिथं खेळत होती. तिला पायाला साप चावला. कौसल्येची किंकाळी ऐकून मी शाळेची तयारी टाकून बाहेर आलो तेव्हा सुदाम पोरीला हातांवर घेऊन गल्लीत उभा होता आणि त्याला कुठं धावावं ते समजत नव्हतं. बाई बाजाराला गेल्या होत्या. धावत आलेल्या गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच भंडाऱ्याला न्या म्हणाले. एसटी गेलेली. तेवढ्यात मिलच्या फाटकातून जीप बाहेर आली. आत स्वतः शेठ होता. त्यानं बघितलं, खाली उतरला आणि म्हणाला, "बसवा. मी मागून येतो." सुदामनं एकदाच बाईंच्या बंद दाराकडे बघितलं आणि तो बसला.

पोरगी वाचली.

ते लोक भंडाऱ्याहून परत आले तेव्हा त्यांचं सगळं सामान ओट्यावर मांडलेलं होतं. गुंडाळलेल्या गाद्या, भांडी, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर. तसबीर तेवढी बाईंनी स्वच्छ पुसून गादीवर नीट उभी करून ठेवली होती. बाकी सगळं असंच.

"त्या जीपीत कायले बसला?" बाईंनी विचारलं.

सुदाम म्हणाला, "बाई, पोरगी निळी पडून राहिली होती."

"माह्या माणसाले मारलं त्या माणसाची गाडी आहे थे."

"त्याच्या मनात काय होतं मले माहीत नाही. पण पोरगी जगली ना."

मी मध्ये पडलो. म्हणालो, "बाई, ह्यानं तुमच्यासाठी नोकरी घालवली. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता."

"मास्तर, तुमाले राहाचं असन तं तुमी राहा," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "जो त्याच्या गाडीत बसला तो माह्या घरात नाही."

कौसल्या एवढा वेळ पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं पोरीला सुदामकडे दिलं, तसबीर उचलली, पदरात धरली आणि बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. "तुमचा माणूस मेला म्हणून तुमाले मानत होतो," ती म्हणाली. "आता नाही मानत." आणि ती चालायला लागली.

पुढं सुदामला जवळच्या एका मॅंगनीजच्या खाणीवर काम मिळाल्याचं समजलं. त्याच्या खोलीसाठी कितीतरी लोक विचारायला आले. गाव वाढत होतं. समोर बँक आली, तिच्या शेजारी कापडाचं दुकान, मग एक लॉज. एका खोलीसाठी लोक वाटेल ते द्यायला तयार होते. बाई प्रत्येकाला सांगत, "थे खोली रिकामी नाही." आत शिरून त्या रोज झाडून येत. कधी विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ऐंशी सालानंतर मिलचं दिवसेंदिवस खालावत गेलं. शेठला अर्धांगाचा झटका आला आणि कारभार त्याच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या सात मार्कांच्या विद्यार्थ्याकडे आला. गणितात कच्चा असला तरी त्याला हिशेब कळत होता. धान भरडण्यापेक्षा त्याच जागेवर दुकानांचे गाळे काढून भाड्यानं देण्यात जास्त फायदा होता. नकाशे तयार झाले. सगळं बाईंच्या कोपऱ्यावर अडलं, कारण गाळ्यांचं तोंड तिथूनच उघडणार होतं. मुलगा स्वतः आला. माझ्याही पाया पडला. बाईंना म्हणाला, "काकू, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

"तुह्या बापाले माहीत आहे."

मुलानं बापाच्या किती विनवण्या केल्या, घरात काय बोलाचाली झाल्या, मला माहीत नाही. शेठ अजिबात ऐकत नव्हता, एवढं कानावर यायचं. आणि मग एका बाजाराच्या दिवशी सकाळी फाटक उघडलं आणि दोन माणसांनी शेठला खुर्चीसकट उचलून आणलं. बाईंच्या ओट्यासमोर खुर्ची ठेवली. बाजाराला निघालेले लोक थांबले. हमाल पोती खाली टाकून उभे राहिले. ट्रकवाले, बँकेतले, कापड दुकानातले, सगळे जमले. बाई ओट्यावर आल्या आणि उभ्या राहिल्या.

शेठचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. शब्द स्पष्ट येत नव्हते. तो म्हणाला, "महादेव त्या दिवशी पिऊन नव्हता."

"मागच्या लोकाईले ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या.

मुलगा पुढं झाला. "काकू, त्यांना त्रास होतो."

"होऊ दे."

शेठनं पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्यानं, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. मग कोणी न विचारता तो आणखी बोलला. "पट्टा जुना झाला होता. महादेव मला सांगत होता, बदला म्हणून."

बाईंनी खांबाला हात टेकला. हे त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ त्या शेठकडे बघत राहिल्या. नंतर गर्दीतल्या भजनवाल्या म्हाताऱ्यांकडे एक एक करून बघितलं. त्यांतल्या दोघांनी मान खाली घातली.

मुलानं हात जोडले. "आता जागेचे कागद कधी करायचे, काकू?"

"कोणत्या जागेचे?"

"ही जागा. तुम्हीच म्हणाल्या होत्या, शेठनं म्हटलं की…"

"आधी म्हण, मंग बोलू, असं म्हणलं होतं मी," बाई म्हणाल्या. "त्यानं म्हणलं. आता मी बोलतो. जागा देत नाही."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. शेठला परत नेताना खुर्ची न्हाणीच्या कोपऱ्यावर अडली. ती तिरपी करून काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "मास्तर, खाणीवर याचं आहे माह्यासंगं. सुदामले सांगाले पाह्यजे." आम्ही एसटीनं गेलो. खाणीच्या कामगारांच्या चाळीत शेवटची खोली सुदामची होती. तो पाळीहून नुकताच आला होता, अंगावर काळी धूळ तशीच. बाईंनी दारातूनच सांगितलं, "शेठनं म्हणलं. सगळ्याईसमोर."

सुदामनं तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाला, "मी तं पयलेच सांगतलं होतं, कोर्टात."

"हो. तूच सांगतलं होतं." बाई म्हणाल्या. "चाल घरी. खोली तशीच आहे. रोज झाडतो मी."

कौसल्या आतून आली. तिच्या मागं वंदना उभी होती, दोन वेण्या घातलेली, आता हायस्कुलात जाण्याच्या वयाची. कौसल्येनं बाईंना पाण्याचा गिलास दिला. बसा म्हणाली नाही.

"त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं तं हे पोरगी नसती," ती म्हणाली. "आमी नाही येत."

सुदाम म्हणाला, "अवं, घरी आलेल्या माणसाले…"

"आमी नाही येत," कौसल्येनं पुन्हा सांगितलं.

मला वाटलं, बाई आता माफी मागतील. त्यांनी उभ्यानंच सगळं पाणी प्यायलं, गिलास उंबऱ्याच्या आत ठेवला. कौसल्येकडे सरळ बघत म्हणाल्या, "बरोबर आहे तुहं. मीही आली नसती." आणि मागं वळल्या. एसटीच्या थांब्यापर्यंत मला त्यांच्याबरोबर चालणं जड गेलं, इतक्या त्या भरभर चालत होत्या. गाडीत माझ्या पलीकडे खिडकीकडे तोंड करून बसल्या. घरी आल्यावर सुदामच्या खोलीचं कुलूप काढलं आणि आत आपली लाकडं भरली.

शेठ पुढच्या हिवाळ्यात गेला. पहाटे मिलचा भोंगा वाजला नाही, तेव्हाच गल्लीला समजलं. आमच्याकडे गल्लीत प्रेत असलं तर ते उचलेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटत नाही. वैऱ्याच्या घरचंही असलं तरी नाही. बँकेजवळच्या चहावाल्यानंसुद्धा शेगडी विझवली होती. मी अंगावर शाल घेऊन बाहेर आलो तर तळणाचा वास येत होता. बाईंच्या स्वयंपाकघरातून धूर निघत होता. मी दाराशी गेलो. कढईत तेल उकळत होतं आणि बाई उडदाचे वडे सोडत होत्या. सणाला करतात तसे, मधोमध भोक पाडून.

"बाई, शेठ गेले," मी म्हणालो. "समजलं ना?"

"समजलं." झाऱ्यानं त्यांनी वडे उलटले. "लवकर गेला. मले आणखी दहा वरसं पाह्यजे होता."

थोड्या वेळानं फाटक उघडलं आणि माणसं तिरडी घेऊन निघाली. पुढं मुलगा मडकं धरून, मागं सगळं गाव. देवळाच्या बाजूनं जाता आलं असतं, पण तो रस्ता लांबचा. बाई ताटलीत वडे घेऊन ओट्यावर आल्या आणि पाय सोडून बसल्या. तिरडी समोर आली तेव्हा लोकांनी हात जोडले, मीही जोडले. बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. त्यांनी वड्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला. खांदेकऱ्यांपैकी एकानं मान वळवून बघितलं आणि घाईनं पुढं बघितलं. त्या जूनमध्ये माझी बदली झाली आणि नंतर मी त्या गल्लीत कधी गेलो नाही. गिरजाबाई आठवल्या की मला त्या ओट्यावर दिसतात. तिरडी समोरून जाते आहे, सगळी गल्ली गप्प उभी आहे, आणि बाई नजर न हलवता सावकाश, नीट चावून खात आहेत.